रेजिनाच्या तळघरातलं मलिद्याचं ताट

कॅनडाहून परत आलेल्या माणसाला अलिबागेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नायगारा पाहिलात का?" पाहिला. माझ्याकडे फोटोही आहे. त्यात निळ्या प्लास्टिकच्या झग्यात मी आहे आणि माझ्यामागे कुठेतरी धबधबा असावा, कारण आवाज येत होता. ज्यांना नायगाऱ्याचं वर्णन हवंय त्यांनी पुढे वाचलं नाही तरी माझा राग नाही. मी गेले होते एक चित्र पाहायला, आणि त्या चित्रात माझी आई असणार होती.

आधी आमची ओळख सांगते. आम्ही रेवदंड्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरी तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. मी अलिबागच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. माझी आई हन्ना मी दीड वर्षाची असताना तापाने गेली. तिचा लग्नातला एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला, चौकट तेवढी शिल्लक ठेवली. मला वाढवलं मिल्काआत्याने. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे कुणी विचारलं की म्हणायची, "हिला आंघोळ घालायची राहिलीय, मग बघू."

आई कशी दिसायची, हे मी आत्याला शंभरदा विचारलं असेल. तिचं उत्तर एकच. "आहे ती हळबेसाहेबाच्या चित्रात. तुझ्या बारशाला काढलेलं. मलिद्याचं ताट आहे त्यात."

हे हळबेसाहेब चित्पावन नव्हते. योझेफ हाल्बर हे त्यांचं खरं नाव, राहणार व्हिएन्ना, बाप पुस्तकं बांधायचा. नाझी ऑस्ट्रियात शिरले तेव्हा हा तरुण चित्रकार बोटीत बसून मुंबईला आला आणि साबणाच्या जाहिराती रंगवू लागला. लढाई पेटल्यावर इंग्रजांनी त्याला शत्रूच्या मुलखातला म्हणून काही महिने छावणीत ठेवलं. ज्यांच्यापासून तो पळाला त्यांच्याच नावाखाली त्याला डांबलं, याला काय म्हणावं? सुटला तेव्हा छाती पोखरली होती. डॉक्टरने समुद्राची हवा सांगितली आणि कुणीतरी सांगितलं की रेवदंड्यात ज्यू राहतात. काळे कोट आणि लांब दाढ्या असतील अशा समजुतीने तो आला, तर माझे आजोबा गुडघ्यापर्यंत धोतर नेसून घाण्याच्या बैलाला मराठीत शिव्या घालत होते. तरी तो आमच्या ओटीवरच्या खोलीत दोन वर्षं राहिला. लढाईनंतर गुंडाळलेली चित्रं घेऊन तो कॅनडाला गेला आणि ते चित्रही गेलं.

हॅमिल्टन

माझा मुलगा सॅमी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. त्याच्या घरामागे एक टेकाड आहे, त्याला सगळं गाव 'माउंटन' म्हणतं. समोर पाणी आहे, त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, त्याला मात्र हे लोक नुसतं 'लेक' म्हणतात. सह्याद्री आणि समुद्र दोन्ही पाहिलेल्या बाईने यावर काय बोलावं? मी "हो का, छान" म्हणत राहिले.

शेजारच्या बाईंना मी नारळाच्या वड्या नेऊन दिल्या, तेही फोन न करता, म्हणून सॅमीने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली. घासलेली, चकचकीत, आत आभाराचं कार्ड आणि बाकी काही नाही. आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. नात तालियाला मी हे समजावलं, तर ती म्हणाली, "आजी, बट द कार्ड इज द साखर." तिच्या तोंडून साखर हा शब्द आला, म्हणून मी वाद घातला नाही.

चित्र सॅमीनेच शोधलं. हाल्बरचं नाव इंटरनेटवर टाकता टाकता त्याला रेजिना या कॅनडातल्याच दूरच्या गावातल्या एका गॅलरीची यादी सापडली. तिच्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र होतं आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'देवळात नैवेद्य नेणारी हिंदू स्त्री'. चेहरा तिळाएवढा, आणि मोठं करायला गेलं की नुसते चौकोन. पण ताट ओळखू येत होतं. पोह्यांची रास, वर खोबरं, कडेने केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी.

"आई, कसला नैवेद्य? हा तर मलिदा आहे," सॅमी म्हणाला. मी खुर्ची ओढून पडद्याच्या जवळ बसले.

मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या प्रेषिताच्या, नावाने आम्ही ठेवतो ते ताट. नवस फेडताना, लग्नाआधी, बारशाला. जगातले बाकीचे ज्यू हे करत नाहीत, कोकणातले आम्हीच करतो. त्यामुळे ते चित्र आमच्याच घरातलं, यात शंकाच उरली नाही.

सॅमीने गॅलरीला ईमेल करून चांगला फोटो मागितला. उत्तर आलं की चित्र तळघरात आहे, जून लागला की तळघरातला सगळा माल दुसरीकडे हलवणार, मग दोन वर्षं काहीच बघता येणार नाही, पण मेमधल्या एका शुक्रवारी दोन ते चार या वेळात दाखवू. माझं परतीचं विमान मे अखेरीस होतं. सासष्ट वर्षांची बाई दोन वर्षांचे वायदे करत नाही. सॅमीला रजा नव्हती, म्हणून मी एकटी जायचं ठरलं.

टोरांटो

निघायच्या आदल्या रविवारी सॅमी मला टोरांटोला आयझॅककाकांकडे घेऊन गेला. काका मूळ अलिबागचे, वय पंच्याऐंशी, आता लेकीच्या बेसमेंटमध्ये राहतात. आम्ही इथे अगदी मूठभर आहोत. कुणाकडे काही निमित्त असलं की त्या मूठभरातले निम्मे जमतात आणि निम्मे ट्रॅफिकमध्ये अडकतात. त्या दिवशी मलिदा होता. पोहे गुजराती दुकानातले, नारळ फ्रोझन, पण एलियाहू हन्नाबीने आजवर तक्रार केलेली नाही.

काकांनी तरुणपणी हाल्बरला काम करताना पाहिलं होतं. मी विचारलं तशी त्यांची गाडी सुटली.

"अगो, उलट्या खोपडीचा माणूस. बाकीचे कोऱ्या कॅनव्हासवर रंग लावतात. हा आधी अख्खा कॅनव्हास काळा-तपकिरी करायचा, मग चिंधी घेऊन पुसत बसायचा. जिथे पुसला तिथे उजेड. नाक पुसून काढायचा, हात पुसून काढायचा. तुझी आत्या त्याला म्हणाली होती, आमच्यात पुसायला बाई येते, तुमच्यात काय साहेब पुसतात?"

आत्या असं म्हणाली असणार यात मला तिळमात्र शंका नाही.

"पण एक सांगून ठेवतो," काका केळ्याची फोड तोंडात टाकत म्हणाले, "मनाला आलं नाही की परत काळं फासायचा. चार माणसं काढायचा आणि तीन घालवायचा. तुझी आई शिल्लक ठेवलीन असली म्हणजे मिळवलंन."

परतीच्या वाटेवर सॅमी म्हणाला, "काका एग्झॅजरेट करतात, तू मनावर घेऊ नको." मी घेतलं.

रेजिना

रेजिनाला माझी सोय मुकुंद आणि वैशाली या नागपूरच्या जोडप्याकडे होती. मुकुंद सॅमीच्या मित्राचा भाऊ, सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करतो. वैशाली मला विमानतळावर घ्यायला आली आणि माझ्या सुती साडीकडे पाहून जागच्या जागी थांबली.

"मावशी, तुम्ही कॉटनच आणलं का फक्त? इथे मेमधेही स्नो पडून राहते नं."

मी हसले. अलिबागेत मे महिन्यात माणसं घामाने वितळतात. शुक्रवारी सकाळी उठले तर खिडकीबाहेर पांढरंशुभ्र.

माझ्या खाण्याची वैशालीला भारी काळजी. तिने इंटरनेटवरून ज्यूंच्या जेवणाचे नियम छापून फ्रिजवर लावले होते. दूध आणि मांस एकत्र नको, अमुक नको, तमुक नको. मी विचारलं, "तुमच्याकडे मांस शिजतं का?" म्हणाली, "छे, आम्ही अंडंही नाही खात." मग मी तो कागद काढून टाकला आणि आम्ही दोघींनी ज्वारीची भाकरी, झुणका आणि तिखट ठेचा खाल्ला. नागपूरचा ठेचा खाऊन माझ्या कोकणी डोळ्यांतून पाणी आलं. वैशालीला वाटलं मला आईची आठवण आली.

दीड वाजता निघालो. मी मुकुंदचा पार्का, म्हणजे बर्फातला जाड कोट, घातला होता, त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या पुढे वीतभर. साडीवर पार्का, खाली वैशालीचे बूट. रेजिना सपाट आहे. इतकं सपाट की कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो, असं इथे गमतीने म्हणतात. अशा गावात गाडी घसरून खड्ड्यात कशी जाते, हा प्रश्न मी देवाला विचारला, कारण आमची गेली.

"मुकुंदनं मागच्याच विकेंडला विंटर टायर्स काढले, अन् पाहा," वैशाली रडवेली झाली. "मी सांगून राहिली होती, थांब म्हणून."

दोन वाजून गेले, अडीच वाजले. मी गाडीत बसून घड्याळाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, साठ वर्षं निघाली, आता शेवटच्या दोन मैलांसाठी अडवू नकोस रे बाबा. शेवटी एका ट्रकवाल्या सरदारजींनी दोर लावून गाडी ओढली. वैशालीने त्यांचे हिंदीत आभार मानले, मी मराठीत. आम्ही पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते.

गॅलरीतल्या बाईंचं नाव डोरीन. पासष्टीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, हातात निळे हातमोजे. माझा अवतार पाहून त्यांनी आधी गरम चहा दिला. पहिल्याच मिनिटात कळलं की त्या हाल्बरच्या विद्यार्थिनी. हाल्बरनी इथे बरीच वर्षं शिकवलं आणि पंचवीसेक वर्षांपूर्वी इथेच वारले.

"डाव्या खिशात कायम चिंधी असायची," डोरीन म्हणाल्या. "कोटाला तेलाचा वास. व्हिएन्नाबद्दल कधी बोलले नाहीत. इंडियाबद्दल विचारलं की म्हणायचे, तिथे माझा खोकला गेला."

तळघरात चित्रं उंच जाळ्यांवर टांगलेली होती आणि एकेक जाळी दारासारखी ओढून बाहेर काढता येत होती. आधी त्यांनी कॅनडातली चित्रं दाखवली. वर मोठं करडं आभाळ, खाली पिवळी जमीन आणि प्रत्येक चित्रात कोपऱ्यात एक काळा, कललेला खांब.

"याचं कोडं मला कधी सुटलं नाही," त्या म्हणाल्या. "इथले टेलिफोनचे खांब सरळ असतात. सर ते मुद्दाम वाकडे काढायचे."

"तो खांब नाही," मी म्हटलं. "तो माड आहे. आमच्याकडे समुद्राकडे असेच झुकतात."

डोरीन त्या चित्राकडे पाहत राहिल्या. मी घड्याळाकडे पाहत होते, पावणेचार होत आले होते.

मग त्यांनी शेवटची जाळी ओढली. चित्र माझ्या अपेक्षेपेक्षा मोठं निघालं, दरवाजाच्या निम्म्या उंचीचं. सगळा तपकिरी अंधार आणि त्यातून समोर येणारी नऊवारीतली बाई. दोन्ही हातांत ताट. खोबऱ्यावर उजेड पडलेला. मी चष्मा पुसला आणि चेहरा पाहिला.

तो मिल्काआत्याचा होता.

रुंद कपाळ, खालचा ओठ किंचित पुढे, आता कुणालातरी झापणार असा. वीस-बावीस वर्षांची असेल, पण आत्याच. ज्या चेहऱ्याने मला चाळीस वर्षं उठवलं, जेवायला घातलं, रागे भरलं, तो मी कुठेही ओळखेन. साता समुद्रापलीकडे येऊन मी तोच चेहरा पाहत होते.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मला आत्याचा राग आला. आईचं चित्र म्हणून सांगितलंस आणि इथे तूच उभी? आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. जिने जन्म माझ्यासाठी घालवला ती इतक्या वर्षांनी समोर आली आणि मी तोंड वाकडं केलं. मी पार्क्याच्या लांब बाहीने डोळे पुसले.

"ही तुमची आई?" डोरीननी हळूच विचारलं.

"नाही, आत्या. माझ्या बारशाला मलिद्याचं ताट घेऊन..."

आणि वाक्याच्या मध्येच माझी ट्यूब पेटली. ताट आत्याच धरणार. आई कशी धरेल? आमच्यात मुलगी झाली की बाळंतीण ऐंशी दिवस बाजूला असते आणि मुलगा झाला तर चाळीस. मलिद्याच्या ताटाला तिने बोट लावायचं नसतं. सॅमीच्या वेळी मी स्वतः चाळीस दिवस खोलीत बसले होते आणि तेव्हाही ताट आत्यानेच आणलं होतं. हा आमच्या घरातला नियम मला तोंडपाठ, आणि तरी मी आयुष्यभर त्या ताटामागे आईला उभी करत आले. आत्या एक अक्षर खोटं बोलली नव्हती. बारशाचं चित्र, त्यात मलिद्याचं ताट, आणि त्यात आई. ताट आईच्या हातात आहे, असं ती कधीच म्हणाली नव्हती.

मग आई कुठे? आत्या ताट घेऊन कुठे निघाली आहे, ते मी पाहू लागले. तिचे पाय डावीकडे वळलेले होते. डावीकडे नुसता काळोख.

"इथे काही होतं का?" मी विचारलं. मला आयझॅककाकांचं बोलणं आठवलं होतं. "की त्यांनी परत काळं केलं?"

"वरचं व्हार्निश फार काळवंडलंय," डोरीन म्हणाल्या. "थांबा, दिवा बाजूने धरून पाहू." त्यांनी वरचे दिवे मालवले आणि हातातला दिवा चित्राच्या कडेला, अगदी चिकटून धरला. वैशालीने माझा दंड धरला.

आधी चौकट दिसली, उंबऱ्याची आणि दाराची. मग आत खाली एक ठिपका, काचेच्या पेल्यातला खोबरेल तेलाचा दिवा. आणि त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसलेली एक बाई. चिंधीच्या चार-पाच फटकाऱ्यांत काढलेली. डोक्यावरून पदर, एक गाल, नाकाची रेघ. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं.

"बाळ आहे," डोरीन म्हणाल्या. "इतकी वर्षं हे चित्र आमच्याकडे आहे आणि मला माहीत नव्हतं."

मी आईचे डोळे शोधले. ते दिसत नाहीत. पापण्या खाली आहेत. ती आत्याकडे पाहत नाही, ताटाकडे पाहत नाही आणि हळबेसाहेबाकडे तर नाहीच. तिचं नाक माझ्यासारखं आहे, म्हणजे माझं तिच्यासारखं. मध्ये थोडं उंच. शाळेतली मुलं या नाकावरून मला चिडवायची आणि आत्या म्हणायची, त्यांना सांग हे उसनं आणलेलं नाही.

चार वाजले, सव्वाचार वाजले. डोरीननी घड्याळाकडे पाहिलं नाही. दिवा धरून त्यांचा हात भरून आला तेव्हा वैशालीने धरला, मग थोडा वेळ मी धरला.

निघताना डोरीननी नवीन कार्ड लिहायला घेतलं. हिंदू स्त्री खोडलं, देऊळ खोडलं. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. समोर मिल्का. दारात हन्ना. रेवदंडा, बारशाचा मलिदा.

"आणि बाळाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"अजून ठेवायचंय," मी म्हटलं. "ताट उंबऱ्याशी पोचलं की ठेवतात. आत्या कानात सांगते."

डोरीननी पेन थांबवलं, जरा विचार केला आणि ती जागा कोरी सोडली.

शुक्रवार होता, आणि सूर्य मावळला की सुरू होणाऱ्या शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावायचा होता. रेजिनाला मे महिन्यात सूर्य मावळायला नऊ वाजत येतात, रेवदंड्याला एवढ्यात जेवणं उरकून माणसं झोपलेली असतात. मी सहालाच लावला, वर लख्ख ऊन असताना. वैशालीकडे घाण्याचं तेल कुठलं असणार? केसांना लावायचं खोबरेल होतं, ते काचेच्या पेल्यात ओतलं. वात वैशालीने वळून दिली. बाहेर बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत होतं.

तेवढ्यात सॅमीचा फोन आला. शब्बाथला मी फोन घेत नाही, पण सूर्य अजून वर होता, म्हणून घेतला.

"आई, दिसली का गं आजी?"

"दिसली."

"कशी आहे?"

मी पेल्यातल्या ज्योतीकडे पाहत होते. "नीट नाही दिसली रे," मी म्हटलं. "तिने मान वर केली नाही. मला बघत बसली होती."